पुढच्या सीटवर कोण बसतं?

(धाकट्या भावाचं, छोट्याचं गॅरेज. ताईची गाडी मधोमध उभी. विमा कंपनीचा सर्व्हेअर ड्रायव्हरच्या सीटवर बसून तपासणी करतो आहे.)

ताई : विम्याच्या हप्त्यात सूट मिळणार नाही म्हणजे काय? गेल्या वर्षी मिळाली, त्याच्या आदल्या वर्षी मिळाली. यंदाच काय गाडीला शिंगं फुटली?

सर्व्हेअर : मॅडम, दोन वर्षं आम्ही तुमच्या फॉर्मवर विश्वास ठेवला. यंदापासून एअरबॅगची सूट गाडी बघूनच द्यायची, असा नियम आहे.

ताई : मग बघा की! स्टिअरिंगवर 'एअरबॅग' अशी एवढी अक्षरं कोरलीयेत.

छोट्या : ताई, जाऊ दे ना. एवढ्यातेवढ्यासाठी कशाला डोकं पिकवतेस? वरचे पैसे मी भरतो. साहेब, सूट नको आम्हाला. कागद पुरा करा.

ताई : आणि नको म्हणणारा तू कोण रे? हक्काची सूट आहे ती. तिकडे दुकानात गिऱ्हाइकं औषधांसाठी ताटकळतायत, आणि मी तासभर इथे खांबासारखी उभी आहे. साहेब, मला कारण सांगा.

सर्व्हेअर : मी चावी फिरवतो. तुम्ही या काट्यांच्या खाली बघा. एअरबॅगचा दिवा चारपाच सेकंद पेटून विझायला हवा. पेटला?

ताई : नाही. म्हणजे चांगलंच ना? बिघाड नाही म्हणून पेटला नाही.

सर्व्हेअर : सगळं ठीक असलं तरी आधी एकदा पेटतोच. हा पेटत नाही, कारण त्याचा बल्बच काढलाय.

छोट्या : उडतात हो बल्ब. जुनी गाडी आहे.

सर्व्हेअर : उडालेला बल्ब जागेवर असतो, इथे जागाच रिकामी आहे, मघाशी बघितलंय मी. तुम्ही गॅरेजवाले, तुम्हाला मी सांगायचं? तो स्क्रू-ड्रायव्हर द्या जरा.

छोट्या : कशाला? डॅशबोर्डला ओरखडे येतील.

ताई : दे.

छोट्या : ताई, ऐक तर—

ताई : दे म्हणते ना!

सर्व्हेअर : लागलाही नाही स्क्रू-ड्रायव्हर. पुढच्या सीटसमोरचं हे झाकण, नुसतं गोंदाने चिकटवलंय. हात घाला आत.

ताई : काही लागत नाही हाताला.

सर्व्हेअर : नाहीच आहे काही. एअरबॅग एकदा फुगली की संपली, नवी बसवावी लागते. ही गाडी पूर्वी कुठेतरी जोरात आदळलीय. आणि या गाडीत एक बॅग नसली की दुसरीही उघडत नाही. म्हणजे तुमच्या समोरचीही नाही.

ताई : आदळलीय? छोट्या, एका बाईंची गाडी आहे, घर ते बाजार एवढीच चाललीय, असं कोण म्हणालं होतं? अंगावर ओरखडा नाही म्हणालास!

छोट्या : विकताना नव्हताच. मी सगळे काढले होते.

ताई : वा रे कारागीर!

छोट्या : अपघातातल्या गाड्यांच्या लिलावात घेतली होती मी. इंजिन खणखणीत होतं गं. नव्या बॅगांचा भाव ऐकला आणि डोळे पांढरे झाले. म्हटलं, दोन महिन्यांत बसवू. मग गाड्या उचलायची लिफ्ट मोडली, मग जागेचं भाडं वाढलं...

ताई : दोन वर्षं झाली.

छोट्या : रोज आठवायचं मला.

ताई : रोज आठवायचं आणि रोज गाढ झोपायचास! माझ्या दुकानात मुदत संपलेली गोळ्यांची एक पट्टी सापडली तर माझा परवाना जाईल. तू तर रिकामं पाकीट विकलंस, तेही सख्ख्या बहिणीला. आणि तो फॉर्म! "आण ताई, मी भरतो, तुला त्यातलं कळायचं नाही." एअरबॅग आहेत, असं तूच लिहिलंस ना त्यावर?

छोट्या : नसतं लिहिलं तर तू विचारलं असतंस.

सर्व्हेअर : मॅडम, पुढच्या सीटवर सहसा कोण बसतं?

ताई : आमची आई. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेते मी तिला.

छोट्या : तिला मागे बसव म्हणून मी कितीदा सांगितलं तुला!

ताई : काय म्हणालास?

छोट्या : काही नाही.

ताई : दर खेपेला दारापर्यंत यायचास. "आई, मागे बस, पाय लांब करता येतात." मी म्हणायचे, बघ आई, लेकाला किती काळजी! ती म्हणायची, पुढेच बसू दे, तेवढीच चार माणसं दिसतात. आणि तू हात हलवून निरोप द्यायचास. माहीत असून, छोट्या!

छोट्या : सांगायचंच होतं गं. ओठांवर यायचं आणि...

ताई : आणि तिला मागे बसवून स्टिअरिंगमागे मला ठेवणार होतास. मी कोण, शेजारीण?

सर्व्हेअर : मला हे अहवालात लिहावं लागेल. पॉलिसी तुमच्या नावावर आहे, तेव्हा खुलासा तुमच्याकडेच मागतील. आणि आज ही गाडी चालवत नेऊ नका.

ताई : लिहा. गॅरेजचं नावही लिहा, ठळक अक्षरांत. माझा खुलासा मी देईन.

छोट्या : ताई, गॅरेज बंद पडेल माझं!

ताई : पडू दे! बहिणीला असली गाडी देणारा परक्याला काय देत असेल?

छोट्या : निदान आईला तरी सांगू नकोस. तिची तब्येत...

ताई : तिच्या तब्येतीचं नाव काढू नकोस तू. थांब. हॅलो, आई? झालं का डायलिसिस? नाही, मी येत नाहीये, टॅक्सी पाठवतेय. नाही गं, मला काही झालेलं नाही. आवाज? असाच आहे माझा आवाज. हो, इथेच आहे तो. त्याला बोलायचंय तुझ्याशी.

छोट्या : ताई, नको ना.

ताई : घे फोन.

छोट्या : आई... हो, जेवलो. नाही, भांडलो नाही. आई, तू उभी आहेस का? आधी कुठेतरी बस बघू.