नातं काढू नका, हिंमतराव

नाही, मले एक सांगा, नातं काढायची काही येळ असते का नाही? लग्नात काढा, तेरवीत काढा, यष्टीत बाजूले बसलेल्या बाईचं काढा, कोण नाही म्हणते! पण सरकारी साहेब तुमच्या बाजूनं निकाल द्यायले बसला हाय, पेन उघडून बसला हाय, अन तुम्ही त्याले विचारता, साहेब गाव कोणतं?... अरे बाप्पा!

तुमाले सांगते, मी समता, मोताळ्याची, वकील. पण कोणती वकील? कस्टमची! म्हणजे परदेशातून माल आला, त्याच्यावर सरकारनं किती कर घ्यायचा, त्याच्यावरून भांडणारी. हे सांगून सांगून माह्यं तोंड दुखलं. बाजाराच्या दिवशी बाया येतात, म्हणतात, बाई, शेजाऱ्यानं वावराच्या धुऱ्यावरची, बांधावरची बाभूळ तोडली, केस लावून दे. मी म्हणते, मावशी, ते बाभूळ दुबईहून आली होती का? नाही ना? मंग मी काय करू! लॉकडाऊनपासून सुनावण्या कंप्युटरवर व्हायले लागल्या, म्हणून मुंबई सोडून घरी आली मी. म्हटलं, आपल्या माणसाईत राहू. आपली माणसं!... तेच तं नडलं.

तं आमचे हिंमतराव. धंदा सोयाबीनचा, घ्यायचं, साफ करायचं, विकायचं. त्याईनं खडे अन काळे दाणे निवडणारी मशीन बोलावली दुबईहून. मशीन बंदरात उतरली अन तिथंच अडकली. काऊन? तं विकणारा कोण? इंद्रभान, मूळचा दुसरबीडचा, दुबईत मशीनीचा व्यापार करते. अन इंद्रभान हिंमतरावाचा कोण? सख्खा साडू! आता कायदा काय म्हणते, विकणारा अन घेणारा एकाच घरचे असतील तं कागदावरची किंमत खरी कशावरून? कर वाचवाले घरच्याघरी कमी लावली असन! मले सांगा, ज्यानं हा कायदा लिहिला त्याले साडू होता का हो? साडू कधी कमी लावते?

इकडं दसरा तोंडावर. सोयाबीन येऊन राह्यलं, गोदामात पाय ठेवाले जागा नाही, मशीन लागली नाही तं हिंमतरावाचा हंगाम बुडते. मी जीव तोडून पुरावे जमवले. नेमकं माह्या घरचं नेट गेलं, म्हणून सुनावणीले हिंमतरावाच्या बैठकीत बसायचं ठरलं. मी आधीच बजावलं, कोणी बोलायचं नाही, अन काही झालं तरी नातं काढू नका, हिंमतराव! हाव म्हणे. अन त्या दिवशी जाऊन पाहते तं काय, सतरंजी अंथरेल, अख्खी भावकी बसेल, मधात त्याईच्या सासूबाई, सरस्वतीबाई, पुढ्यात शेंगदाण्याची परात. सुनावणी कायची, साक्षगंधच ते!

पडद्यावर साहेब आले. तरणे, चष्मेवाले, नाव धम्मरत्न. मी सुरू केलं, की सर, साडू म्हणजे काही एका घरचे नव्हेत, घरं वेगळी, चूल वेगळी... मागून सरस्वतीबाई परात सारून उठल्या.

"काऊन वेगळी? दोघंही जावई माह्येच. मी कधी दुजाभाव केला का?"

झालं! माह्या रात्रभर घोकलेल्या युक्तिवादाची फोलपटं! साहेब गालातल्या गालात हसले. मी लगेच दुसरा रस्ता धरला, बरं सर, नातं हाय, पण नात्यानं किंमत बदलली नाही, इंद्रभान परक्यालेबी हाच भाव लावते, ही पाहा बिलं. साहेबानं सगळं पाह्यलं, मान डोलावली, म्हणाले, "ठीक आहे मॅडम, किंमत बाजाराचीच दिसते. निकाल लिहितो." अन मी जरा कुठी श्वास सोडला, तं बाजूले बसलेल्या हिंमतरावाचा आवाज, साहेब, गाव कोणतं आपलं?

मी टेबलाखालून हिंमतरावाच्या पायावर पाय देला, असा जोरानं देला! माणूस हलला नाही हो. साहेबबी मुंबईत एकटे पडेल, आपली बोली आयकून पाघळले. म्हणे, आम्ही मूळचे वरवट बकालचे, पण मी वाढलो बाहेरगावी. कोणाचे? तं पुंजाजीचा नातू. बाप्पा, हिंमतरावाचा चेहरा काय फुलला! सोयाबीन घेत गावोगाव फिरणारा माणूस, अख्ख्या जिल्ह्याची सोयरीक त्याच्या तोंडपाठ. म्हणे, पुंजाजीचे? अहो, मंग आपल्या वकीलबाईची आत्या, तानाबाई, पुंजाजीच्याच घरात तं देली हाय!

आता सांगा, नातं काढायची काही येळ असते का नाही?

साहेबाचं हसू उडालं. "तानाकाकू? तुम्ही तानाकाकूची भाची?"

तुम्ही असते तं काय केलं असतं? डोळ्यापुढं मशीन, गोदाम, दसरा... माह्या तोंडून निघून गेलं, "सर, आत्याचं सासर म्हणजे कायद्यानं काही नातं होत नाही. तानाबाई मले परक्याच."

पण साहेब निघाले इमानदार! म्हणे, मॅडम, ही केस मी आयकणं बरं नाही, दुसऱ्याकडं देतो. पडदा बंद. मी डोक्याले हात लावून बसली, अन हिंमतराव खूश, म्हणे, साहेब घरचेच निघाले! सरस्वतीबाई विचारतात, पोट्ट्याचं लग्न झालं का?

मंग नवे साहेब आले, पार आसामचे. इतका आनंद मले जन्मात झाला नाही. तरीबी हिंमतरावाच्या तोंडात मी तंबाखू-सुपारीचा खर्रा कोंबून ठेवला. निकाल आपल्या बाजूनं लागला, मशीन सुटली, दसऱ्याले तिची पूजा झाली, इंद्रभान दुबईहून आला, दोघं साडू एका ताटात जेवले. सगळं गोड झालं.

फक्त धम्मरत्न साहेबानं त्या पहिल्या सुनावणीच्या संध्याकाळीच तानाकाकूले फोन केला होता. म्हणे, सहज.

आत्या माहा फोन उचलेना. शेवटी गेली मी वरवट बकालले. जिनं मले न्हाऊ घातलं, उवा काढल्या, शाळेच्या सगळ्या सुट्ट्या जिच्या घरी काढल्या, ते आत्या दारात आली, पदर सावरला, अन म्हणे, या वकीलबाई, तुम्ही खुर्चीवर बसा. तुम्ही! मले! मी तिच्या पायापाशीच बसली, म्हटलं, आत्या, चुकलं माह्यं, तुह्या सख्ख्या भावाची पोरगी हाय मी, विसरली का? तिनं पाहुण्याले देतात तसा कपबशीत चहा आणून ठेवला.

"असान बाई," ते म्हणे. "पुरावा आणला का?"

नव्हता आणला. आता दिवाळीनंतरची तारीख देली हाय तिनं.