अस्वल समोर आल्यास

अभयारण्याच्या फाटकावरच्या पाटीत अस्वलाच्या पंजाला सहा नखं काढली होती, असतात पाच. रांगेत माझ्यापुढचा माणूस बायकोला सूचना वाचून दाखवत होता.

“नजरेला नजर द्यायची नाही. पळायचं नाही. शांतपणे मागे सरकायचं.”

“तुमच्या दादांपुढे तुम्ही दुसरं काय करता?”

“हळू बोल. तो तिकिटं घेऊन येतोय.”

“येऊ देत. स्वतःचं दुकान काढणार, हे त्यांना चिंगी रांगत होती तेव्हा सांगणार होतात. आता ती सायकल चालवते.”

“सहलीत कुठे हा विषय?”

“मग अस्वलालाच सांगा.”

“काय सांगायचंय अस्वलाला?” दादांनी येता येता विचारलं.

तो एक पाऊल मागे सरकला. मागे बायको उभी होती.

“दादा, मी तुझ्या दुकानातून बाहेर पडतोय. माझं वेगळं काढतोय.”