भार्गवीच्या फिजिक्सचा कौल

— डावाच कौल हवा? अहो श्रीपतीकाका, हळू बोला, तुमची भार्गवी बाहेर पायरीवरच बसल्ये. मूर्तीला चिकटवलेल्या दोन पाकळ्यांतली उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार — ते मला नका सांगू, गुरवाच्या पोटचा आहे मी. पण देवाने काय म्हणायचं ते तुम्ही घरूनच ठरवून आणलंत, तर मग नारळ घेऊन इथवर यायचे कष्ट कशाला घेतलेत? फोन करायचात! आणि तिने कबूलही केलंय ना — देव नाही म्हणाला तर फिजिक्सचं नाव काढणार नाही, मुकाट इथे राहून डीएड करीन म्हणून? बघा म्हणजे. पोरीचा देवावर विश्वास, आणि तुमचा माझ्यावर.

फिजिक्स करून काय होतं? काय होत नाही ते विचारा! माझ्याच वर्गातला दीपक, मिरकरवाड्याचा — प्रॅक्टिकलला दर वेळी काहीतरी जाळून ठेवायचा — तो आज मुंबईत, मोठ्या इस्पितळात, कॅन्सरच्या माणसाला किरणं किती द्यायची ते ठरवतो. रेणुका हवामान खात्यात. पाऊस चुकला की आम्ही ग्रुपवर तिलाच शिव्या घालतो. सम्यक पुण्याला कॉम्प्युटरवर. तो म्हणतो, पुस्तकातलं एक अक्षर लागत नाही, पण अडलेलं सोडवल्याशिवाय उठायचं नाही ही खोड तिथलीच. एक बँकेत, एक कायदा शिकून पेटंटचं काम बघतो. पुढे कुठेही वळता येतं ओ, हीच तर त्यात मजा आहे. आणि मी? मीसुद्धा बीएस्सी फिजिक्स — हसू नका — फर्स्ट क्लास. देवळातसुद्धा खपतो आमचा माल!

उपयोग? होतो की. ही पाकळी देवाला कशाने चिकटते? पाण्याने. डावी पाडायची तर डावी नुसती टेकवायची, आणि उजवी चांगली भिजवून दाबायची, की ती बसली घट्ट. मला कसं ठाऊक म्हणजे — आमच्या बाबांनी — जाऊ दे. नाही, जाऊ दे काय? माझाच कौल लावला होता त्यांनी. मला एमएस्सीला पुण्यात प्रवेश मिळाला होता. बाबा थकलेले, पूजेला दुसरं कोण? म्हणाले, देवाला विचारू. मी तिथेच उभा होतो, आता तुम्ही आहात तिथे, आणि बघत होतो त्यांचं बोट — उजवीसाठी परत परत तांब्यात बुडत होतं. फर्स्ट क्लासवाला मी, मला कळलं नसेल? कळलं. तरी डावी पडल्यावर हात जोडून ‘होय महाराजा’ म्हटलं. बापाला देवासमोर खोटं कसं पाडणार? पण राग आला होता, काका. बाबा गेले, तरी अजून येतो. सकाळी घंटा वाजवताना येतो.

तुमचं दुखणं फिजिक्स नाहीच. पोरगी एकदा बाहेर पडली की परत यायची नाही, ही भीती. असू दे. बाबांनाही तीच होती.

चला, लावतो. हात जोडा. बा महाराजा, तुझं लेकरू श्रीपती आज दारात आलंय, लेकीच्या शिक्षणाचं विचारतंय — तुझी रजा असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे, पण मनात काय असेल ते बोल रे महाराजा! — अहो, ‘होय महाराजा’ म्हणा ना! मोठ्याने, बाहेर ऐकू जाऊ दे.

…पडली. उजवी.

माझ्याकडे काय बघताय, देवाकडे बघा. पाणी? दोन्हीकडे सारखंच लावलं की, तुम्ही बघत होतात ना? नव्हता बघत? मग कसं व्हायचं. बरं, तक्रार असेल तर बाहेर अख्खी वाडी बसल्ये — सांगा त्यांना, मी गुरवाला डावी पाडायला सांगितली होती आणि मेल्याने ऐकलं नाही. सांगता? हाक मारू कुणाला?

नको ना? मग जा. आणि तोंड जरा हसरं करून जा, पोरगी जीव मुठीत धरून बसल्ये. नारळ राहू दे. तो देवाचा.