तीन मिलिमीटरचा स्क्रू

अजय : पण काका, तो दाताच्या स्क्रूचा सॅम्पल मी तुम्हाला फक्त बघायला दिला होता. तुम्ही त्याचा दोन तुकडे आणलाय.

पद्माकर : बघितला की. आमच्या विमानवाल्यांच्या लॅबमध्ये, मशीनवर चढवून. रिटायर झालो तरी मला आत सोडतात ते लोक. हा बघ, मानेशीच तुटलाय.

शैला : अहो, डेंटिस्ट तो आहे. आणि खुर्चीत मी बसलेय, बिब माझ्या गळ्यात आहे. तुमचं व्याख्यान ऐकायला नाही आलो आपण ब्रिस्टलच्या या टोकाला.

पद्माकर : व्याख्यान नाही गं, साधं गणित आहे. कांडी जितकी बारीक, तितकी पटकन वाकते. चारचा स्क्रू तीन मिलिमीटरचा केला, की ताकद निम्म्याच्याही खाली.

अजय : मान्य, काका. पण काकूंचा जागा छोटा आहे. ही एक्स-रे बघा. दोन्ही बाजूला दाताचा रूट. चारचा घातला तर रूटला लागेल. आणि हा टायटेनियम आहे, सॉलिड मेटल.

पद्माकर : टायटेनियम मला शिकवू नकोस, बाळा. तू वॉटफर्डला पाळण्यात होतास तेव्हापासून मी त्याचे तुकडे करतोय. शहाण्णव साल चाललंय, आणि या बारीक स्क्रूचा चार वर्षांपलीकडचा एक आकडा नाही तुझ्या त्या स्क्रूवाल्या कंपनीकडे.

शैला : ते राहू दे. आज नाही बसवला तर काय होईल, अजय?

अजय : हाडात पक्का व्हायला सिक्स मन्थ्स लागतात, काकू. मग वरती दात. आज जून. सीमाचा लग्न डिसेंबरला.

शैला : ऐकलंत? वर्ष होत आलं, तोंडावर हात ठेवून हसतेय मी. ती काढायची-घालायची प्लेट लावली की मळमळतं. लेकीच्या लग्नात तोंडाला पदर लावून उभी राहणार नाही, सांगून ठेवते.

पद्माकर : आणि ऐन लग्नात तुटला म्हणजे? तुकडा हाडात अडकून बसेल. मग हाड कोरून काढायचा. विचार त्याला.

अजय : ते खरं आहे. तुटला तर वाईट. काका, किती लोडवर तुटला पण?

पद्माकर : तिरका धरला होता. तीस अंशात. पुढच्या दातावर दाब तिरकाच येतो.

अजय : करेक्ट. पण लोड किती?

पद्माकर : चारशे न्यूटन.

अजय : चारशे? त्या दातावर नॉर्मल माणूस शंभर-दीडशे देतो. तुम्ही डायरेक्ट चारशे लावला?

पद्माकर : डायरेक्ट कसा लावीन? आधी दोनशेवर चालवला.

अजय : मग?

पद्माकर : मग काय. चार दिवस चालला. सेकंदाला दहा दणके. पस्तीसेक लाख.

शैला : एक मिनिट. पस्तीस लाख दणके खाऊन तुटला नाही?

पद्माकर : नाही तुटला.

शैला : आणि मला घरी नुसते तुकडे दाखवलेत. मी चहा गाळत होते, निम्मा ओट्यावर गेला.

पद्माकर : तुटेपर्यंत लोड वाढवायचाच असतो. पद्धत आहे ती.

शैला : पद्धत मला नका सांगू. एवढ्या वर्षांत तुम्ही कधी आकडा लपवला नव्हतात. का लपवलात?

(पद्माकर तुकडे खिशात टाकतो.)

पद्माकर : शिडीमुळे.

शैला : कसली शिडी?

पद्माकर : लॉफ्टची. तिची पायरी मीच बसवली होती. वर उभा राहून दोन उड्या मारल्या आणि तुला म्हटलं, पक्की आहे, चढ. तू गौरींचं सामान काढायला गेलीस आणि पायरीसकट खाली आलीस. दात गेला. तीस वर्षं विमानांचे भाग पास केले, एक परत आला नाही. घरात एक वस्तू पास केली, ती तुझ्या तोंडावर. आता पुन्हा सांगू, घाल, पक्का आहे? माझ्याने होत नाही, शैला.

अजय : मी थोडा बाहेर जाऊ?

शैला : बस तू. अहो, चढताना कुठे मोडली ती? उतरताना मोडली. मुखवटे, समया, पितळी डबे, सगळी पेटीच कवेत घेऊन उतरत होते मी. एका खेपेत आणू नकोस, असं तुम्ही बजावलं होतं. मला परत चढायचा कंटाळा आला.

पद्माकर : पेटीसकट? अगं, पंचवीस किलोची पेटी आहे ती.

शैला : ओरडाल म्हणून बोलले नाही. मग तुम्ही इतके गोड वागायला लागलात, की बोलावंसंच वाटेना.

पद्माकर : वर्षभर?

शैला : चुकलं माझं. लपवलं मीही. आता तुम्ही खरं सांगा, या स्क्रूचं काय?

पद्माकर : त्या दाताने अक्रोड फोडायचा नाही.

शैला : नाही फोडणार.

पद्माकर : कडक चकली नाही. उसाचं तर नाव नको.

शैला : ब्रिस्टलमध्ये कुठून येणार ऊस?

पद्माकर : लंडनला, वेम्बलीच्या गुजराती दुकानांत मिळतो. तुझा भरवसा नाही.

अजय : मग करू ना? काकू, इथे साइन करा प्लीज.

शैला : घे, केली.

पद्माकर : अजय, तो कागद जरा इकडे दे. पेन पण.

अजय : काका, फॅमिलीचा सही लागत नाही. फक्त पेशंटचा.

पद्माकर : माहीत आहे. आमच्याकडे प्रत्येक भागाच्या कागदावर खाली तपासणाऱ्याची सही असते. ती करतोय.