रशियातला तुलसीराम

आता रशियन माणसाला तीन-तीन नावं असतात, त्याला आमच्या सत्यवतीबाईंनी काय करायचं, तुम्हीच सांगा! साठ सालच्या मोठ्या वादळानंतरचे गणपती, आमच्या उसाच्या बेटावरचं मोंतान्य ब्लांश गावचं देऊळ, आरती झाली की बाई एक जाडजूड रशियन कादंबरी मराठीत सांगायच्या, आणि बायका विचारायच्या, हा कोण, मघाचाच की दुसरा... तुम्हाला सांगते, जन्मभर शाळेत मुलांची एक चूक पोटात न घातलेली बाई, पण तिथे घसरली. प्रस्तावनेत वाचलं होतं ना, की लेखकानं पात्रं घरातूनच उचलली, आजोबा, मेहुणी, शेजारी! मग बोलून गेल्या, "तो म्हातारा जमीनदार, मुलीला स्वतःच्या सेवेला घरी ठेवून घेणारा, आलेलं प्रत्येक स्थळ परतवणारा, तो समजा आपल्या तुलसीरामकाकांसारखा." हेतू शुद्ध होता हो बाईंचा!

पण सगळ्यांना इतकं समजलं, इतकं समजलं, की विसर्जनाच्या दिवशी फेर धरून झाकरी गाताना बायकांनी म्हाताऱ्याला गाण्यातच घातलं, दारात सोटा घेऊन बसलाय, जावई उसात पळतायत... आणि खरे तुलसीराम गणपती डोक्यावर घेऊन पुढे, मागे त्यांची मुलगी बसंती, मान खाली. बाई प्रसाद न घेताच घरी निघाल्या.

दुसऱ्या दिवशी बाई क्षमा मागायला क्वात्र बॉर्नहून बसनं गेल्या. वाटेत वाक्यं जुळवलेली, निर्दोष, पण ती म्हणायची वेळच आली नाही. तुलसीराम शेंगा सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "मिस, तो म्हातारा शेवटी पोरीचं लगीन करतो का नाय?"

आता काय सांगणार? पुस्तकात म्हातारा आधी मरतो, मग मुलीचं लग्न होतं! आणि आत बसंतीची भांडी वाजायची थांबलेली...

"करतो," बाई म्हणाल्या. "स्वतः पुढे होऊन करतो."

तुलसीरामांनी हातातली शेंग सोलून टाकली आणि म्हणाले, "कार्तिए मिलितेरहून बघायला आलेला तो पोरगा वाईट नव्हता."

झालं लग्न. पण बाईंच्या जिवाला शांती आहे का? आधी एका भल्या माणसाची शोभा केली, मग एवढ्या थोर लेखकाला खोटं पाडलं! हेतू शुद्ध होता हो, पण एकदा गोष्ट फिरवली की सुटका कुठे? तुलसीराम आता दर गणपतीला पहिल्या रांगेत बसतात आणि विचारतात, "मिस, माझं पुढं काय झालं?" मग काय... रशियातला म्हातारा अजून खणखणीत आहे, आणि यंदा तर बाईंना त्याच्या नातवाचं बारसंसुद्धा करावं लागलं.