सांगायचं ते एकदाच

— देते गं अंगठा, कुठे पळून चालले मी? पण आधी ती मान सरळ कर. कागद पुढे करताना मान अशी कलती करून हसलीस ना, तिथेच हरलीस. ऑफिसातनं आलीयस, उसनी साखर मागायला नाही. काय लिहिलंय म्हणालीस? ‘वयोमानामुळे स्वखुशीने काम सोडत आहे’ — स्वखुशीने! मला अक्षर येत नाही, पण खोटं वाचताना माणसाच्या पापण्या कशा फडफडतात, ते बरोबर येतं.

तू तळघरातल्या धुलाईखान्यात पाय ठेवलायस कधी? नाही ना, तुम्ही वरच्या मजल्यावरच्या. अख्ख्या इस्पितळाच्या चादरी तिथे — सात यंत्रं, वाफेच्या इस्त्र्या, असा गदारोळ की शेजारणीनं कानात बोंब मारली तरी कळायचं नाही. तिथे तोंडाचा हुकूम चालतच नाही, चालतो तो अंगाचा. बत्तीस बायका होत्या माझ्या हाताखाली, आणि हाताखाली म्हणजे खरोखरच हाताखाली — पंजा खाली दाबला की वाफ कमी, दोन बोटं वर की चादरींची पुढची गाडी. कमरेवर हात ठेवायचे नाहीत, ते भांडण झालं. छातीशी बांधायचे नाहीत, ते भ्यायल्यासारखं दिसतं. आणि हसायचं तर मुळीच नाही — हसून सांगितलं की बाई म्हणते, बघू, हातातलं आटपून. दोन्ही पाय जमिनीवर, खूण एकदाच, आणि काम होईस्तो नजर हलवायची नाही. माझ्याआधीचा मुकादम शिव्या घालायचा. मला उभ्या जन्मात शिवी द्यावी लागली नाही. मोठीबाई म्हणायच्या मला. उंची बघ माझी — वरच्या कडीला हात पुरत नाही, आणि म्हणे मोठीबाई!

हे सगळं मी एकीलाच शिकवलं — बहिणीच्या लेकीला. बहीण गेली तेव्हा पोर नऊ वर्षांची, मीच वाढवली. कामावर आली तेव्हा तोंडावर हात ठेवून बोलायची. मग रोज संध्याकाळी या खोलीत, ते कपाट म्हणजे आळशी बाई असं समजून, त्याला हुकूम द्यायला लावायची मी तिला. कपाट काही हलेना, आणि आम्ही दोघी हसून लोळतोय!

आणि तिनंच केसानं गळा कापला बघ. अगं, पाच वर्षं झाली, मला ऐकू येत नाही. आता सांगितलंच. यंत्रांनी खाल्ले कान. पण त्या गदारोळात कळणार कुणाला — तिथे ऐकू कुणालाच येत नाही! ओठ बघायचे, चेहरे बघायचे, भागायचं. साहेब पाठीमागून आला तरच पंचाईत. मग भाची जाता जाता माझ्या कोपराला दोनदा बोट लावायची, की मी वळलेच — जसं काही ऐकलंच. पाच वर्षांत एक दिवस चुकली नाही.

त्या सोमवारी नवा साहेब आला. भाची माझ्या समोर, आणि तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे — मागे कुणीतरी आहे हे मला कळलं होतं गं, पण सवय मेली, म्हटलं बोट लागलं की वळू. बोट लागेचना. साहेबानं यंत्रं बंद करवली होती, मुद्दाम. जमिनीचा हादरा थांबलाय हे तळपायांना उशिरा समजलं, तोवर तो तीन हाका मारून चुकला होता. बत्तीस जणी बघतायत. आणि ही उभी — पाय जमिनीवर, हात सरळ, नजर स्थिर. मी शिकवलेलं एक अक्षर चुकली नाही!

साहेबाला तिनंच सांगितलं, दुसरं माहीत कुणाला होतं? का म्हणजे? माझी जागा हवी होती, आणखी काय — भाजलेल्या पोरीचं काय मध्येच? तुला कुणी… कागदात आहे? बरं. नवी पोर होती. चादरीबरोबर बोटं गेली इस्त्रीच्या तापल्या रुळाखाली. ओरडली असणार. मी दोन पावलांवर, पाठमोरी, घड्या बघत होते. लांबून भाचीच धावली, तिनं खटका दाबला. वाचली बोटं — दोन वाकत नाहीत, एवढंच. कुठला वार? शुक्रवार. आणि साहेब सोमवारी. …हो. कळतंय मला. शाळेत गेले नसले तरी वार समजतात.

मग मला बोलायचं होतं ना! शनिवार होता, रविवार होता, याच खोलीत माझ्या हातचं जेवली. समोर उभं राहून म्हणायचं, मावशी, उतर आता. एकदाच. मी उतरले असते — असते की नसते, देव जाणे. पण बत्तीस जणींसमोर?

काय म्हणालीस? ती खाली फाटकाशी थांबलीय? आणि वर तुला धाडलं? मग शिकली काय माझ्याकडून, कपाळ! ने तो कागद. नाही द्यायचा अंगठा. खुशी नव्हती माझी, साहेबाची होती, त्याचा घे. …नको, तिला वर पाठवू नकोस. ओठ हलतायत तुझे, दिसतंय मला. हे बघ, मिटले डोळे. बोल आता हवं तेवढं.