कोपऱ्यातला ठिपका

हॅलो?… हां, बोल ताई… ऑफिसातच आहे. जेवणाची सुट्टी… कसली जेवतेय! डबा तसाच पडलाय… प्रोग्रॅम? चालला. चालला म्हणूनच तर पंचाईत झालीय!

अगं ऐक ना. नव्या जागेत कोणी कोणाशेजारी बसायचं, ते साहेबांनी मशीनवर सोपवलंय… हो, पक्षपात नको म्हणून… नाही, नाही, त्याला गट कोणी शिकवत नाही. आत मेंदूसारखं जाळं असतं. कोण कोणाला मेल करतं एवढंच दाखवायचं. माणूस म्हणजे ठिपका, मेल म्हणजे रेघ. ज्यांचं गूळपीठ, त्यांचा गट. ते आपलं आपण हुडकतं…

चुकलं कुठे! अबोला धरलेले दोघेसुद्धा बरोबर लांब टाकलेत… मग काय? मग साहेब! कोपऱ्यात एकटा ठिपका. ना रेघ, ना गट… अगं करतात की मेल, दिवसभर करतात! पण सगळे ‘सर्वांना’. आणि ‘सर्वांना’ पाठवलेले मेल धरू नकोस, तो कचरा असतो, हे मला कोणी सांगितलं?… हो. त्यांनीच… नाही गं, त्यांना कोण लिहितंय? काम असलं की सगळे सेक्रेटरीला गाठतात.

हसू नकोस! चार वाजता हे चित्र भिंतीवर दाखवणारेत, अख्ख्या ऑफिससमोर… माझी नोकरी जाईल ते वेगळंच. पण वाईट वाटतं गं. कितीही खडूस असला तरी… बघवत नाही.

काय? खोटी रेघ ओढू?… कोणाशी पण? ज्याच्याशी जोडीन तो माझ्या उरावर बसेल… माझ्याशी?… शी!… बरं बाई. एकच हं, बारीकशी… थांब, पुन्हा चालवते… फिरतंय… अजून फिरतंय…

अगं आई गं!… नाही, साहेब आले गटात. पण त्या गटात मीच! आम्ही दोघंच!… अगं, मी तरी कुठे कोणाला फारसे मेल करते? शेजारी बसणाऱ्या त्या बडबडीशी कशीबशी एक रेघ होती, ती या नव्या रेघेपुढे फिकी पडली. तिला सांगायचं ते तोंडानंच सांगते ना! करायला गेले एक… पुसते, पुसते, थांब…

अं?… हो सर. तयार आहे… ते… हो सर, तो ठिपका तुम्हीच… शेजारी? शेजारी मी सर… नाही, म्हणजे… हो सर.

हॅलो, ताई? हळू बोल… पाहिलं त्यांनी. म्हणाले, “मला वाटायचं, माझं इथे कोणीच नाही”… डोळे पुसले गं!… आता कुठली रेघ पुसतेय! माझी खुर्ची स्वतः ढकलत केबिनमध्ये नेतायत. ठेवते.